कुणाच्या वऱ्हाडात?

पहिल्या नेमणुकीचा कागद हातात पडला आणि मी आईला फोन केला. "वऱ्हाडात चाललोय," म्हटलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "कुणाच्या?"

आम्ही वाईचे. आमच्याकडे या शब्दाला एकच अर्थ. भाड्याचा टेम्पो, पुढच्या सीटवर नटलेली करवली, मागं कोंबलेली माणसं, घाटात कुणाला तरी लागलेली उलटी आणि वेळेवर न पोचलेला नवरदेव. प्रदेशाचं म्हणाल तर भूगोलाच्या पुस्तकात 'विदर्भ' होता, संत्री होती, कापूस होता. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट आमच्याकडे झिजेपर्यंत वाजली. त्यातली माणसं वऱ्हाडातली आहेत अशी माझी पंचविशीपर्यंत पक्की समजूत होती. भाषा मराठवाड्याची आणि वऱ्हाड लग्नाचं, हे मला मोर्शीत येऊन कळलं. तेही एका शिपायाकडून, म्हणजे लाज दुप्पट.

मोर्शी अमरावतीच्या ईशान्येला. उत्तरेला सातपुडा दिसतो. सालबर्डीच्या महादेवाला गेलं की मध्य प्रदेश पायाशी येतो. एका बँकेच्या इथल्या शाखेत मी पीककर्जाच्या टेबलावर बसलो. पहिल्या दिवशी शिपाई म्हणाला, "सायब येऊन रायले." आमच्याकडे 'राहिले' म्हणजे उरले किंवा मुक्कामाला थांबले. साहेब येऊन थांबलेत असं समजून मी केबिनचं दार ढकललं. आत पंखा फिरत होता, खुर्ची रिकामी. साहेब अजून वाटेतच होते. 'येऊन रायले' म्हणजे 'येत आहेत', हे पक्कं व्हायला मला आठवडा लागला. तोवर मी पाऊस येऊन राहिला म्हटलं की छत्री मिटायचो.

दुसरा धक्का 'काऊन'चा. एक आजोबा टेबलाशी आले आणि वैतागून म्हणाले, "काऊन सायब? काऊन नाई आले अजून?" मला वाटलं, मी जेवून का आलो नाही असं प्रेमानं विचारतायत. "जेवलोय मी, बाबा," म्हटलं. 'काऊन' म्हणजे 'का'. त्यांना विचारायचं होतं अनुदानाचं. आजोबांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारचा म्हणाला, "तिकळचे होत ते." तिकळचे. हे माझं मोर्शीतलं पहिलं नाव.

'ळ' या अक्षराचं इथं काय होतं, हा स्वतंत्र विषय आहे. काळे आडनावाच्या माणसानं स्वतःला 'काये' म्हणवून घेतलं आणि मी संगणकावर काये शोधत बसलो. शाळा 'शाया' होते, डोळा 'डोया' होतो. मग 'ळ' वाया जातो म्हणावं तर तसंही नाही. तो 'ड'च्या जागी जाऊन बसतो. इकडे-तिकडेचं 'इकळे-तिकळे' होतं, घोड्याचा 'घोळा'. अक्षरांची बदली झालीय, सेवा चालूच आहे.

माझी सगळ्यात मोठी फजिती मात्र भाषेची म्हणता येणार नाही, ती अडाणीपणाची. संत्र्याच्या बागेला इथं 'बगीचा' म्हणतात. एक शेतकरी सहज बोलून गेला, "बगीचा ताणावर हाय." बँकेच्या प्रशिक्षणात आम्हाला तणावाखालच्या कर्जांवर दोन दिवस व्याख्यानं ऐकवली होती. मी त्याच्या फाइलवर शेरा मारला: पीक धोक्यात, पाहणी आवश्यक. पाहणीला मीच गेलो. झाडं पानं मलूल करून उभी होती आणि मालक खूश होता. आंबिया बहाराच्या फुलांसाठी हिवाळ्यात झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. झाडाला वाटतं आता खरं नाही, आणि मग पाणी दिलं की ते अंगभर फुलतं. हाच तो ताण. शेरा खोडायला मला साहेबांची सही घ्यावी लागली.

त्या शेतकऱ्यानं बांधावर बसून मला संत्रं समजावलं. खाली जंभेरीचा खुंट, वर संत्र्याचा डोळा. "डोया बांधला का झालं," तो म्हणाला. कलमं बहुतेक वरुडजवळच्या शेंदुरजना घाटहून येतात. वरुड-मोर्शीला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. पण पेटीवर नाव पडतं 'नागपुरी संत्रा'. मी विचारलं, "तुमच्या मालाला वऱ्हाडी संत्रा का म्हणत नाहीत?" तो हसला. "वऱ्हाडी म्हनलं का लोकायले ठेचा आठवते."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. (इथल्या अर्थानं नव्हे, आमच्या अर्थानं.) वऱ्हाडी ठेचा, वऱ्हाडी विनोद, मालिकेतला वऱ्हाडी नोकर. पुण्याच्या खोलीवरच्या मित्रांसाठी मीही एकदा मोबाईलवर नक्कल रेकॉर्ड करून पाठवली होती. 'काऊन बे, काय करून रायला', असली. त्यांनी हसून हसून परत मागवली. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करत होतो तेव्हा घरमालकीणबाई वाळवण गोळा करायला गच्चीवर आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीचा चहा खाली बोलावून न देता कपावर बशी झाकून वर पाठवला. मला तेवढं पुरलं. कारण मुंबईत शिकत असताना मला 'घाटी' म्हणत. वाई घाटावर आहे, त्यात खोटं काही नाही. पण शब्द खरा असला म्हणून तो लागत नाही असं कुठं आहे?

या सुमारास एका सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न निघालं. मंडपाच्या दारात एक काका पाहुण्यांना दोन्हीकडे वाटून लावत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी वऱ्हाडी का?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही, मी साताऱ्याचा."

आजूबाजूचे दहा-बारा जण जे हसले ते अजून भेटले की हसतात. मुलाकडच्यांची पंगत आधी बसणार होती. मी नाही म्हटल्यामुळं दीड तास उपाशी राहिलो, आणि माझ्या पानात बुंदी आली तेव्हा वांग्याची भाजी संपली होती. पण उभ्या उभ्या एक गोष्ट लक्षात आली. त्या मांडवात वऱ्हाडी म्हणजे बाहेरून आलेला. नवरदेवाकडची माणसं जानोशावर उतरलेली होती, तेच वऱ्हाडी. मुलीकडचे मोर्शीचे, पिढ्यान् पिढ्या इथलेच, ते 'घरचे'. म्हणजे वऱ्हाडातल्या लग्नात वऱ्हाडातलाच माणूस वऱ्हाडी नव्हता.

हे मी घरमालकांना सांगितलं. त्यांना सगळे काकाजी म्हणतात. निवृत्त शिक्षक, दोन एकर बगीचा. त्यांची एक गंमत आहे. संत्र्यावर बोलताना अस्सल वऱ्हाडी, इतिहास सांगायला लागले की थेट पाठ्यपुस्तकी मराठी. मधूनच परत बगीच्यावर आले की पुन्हा 'मले-तुले'.

"बराबर हाय," ते म्हणाले. "आमी कायचे वऱ्हाडी? आमी त घरचे. वऱ्हाडी तुमी. बाहेरून आले, जेवाले बसले." आणि मग चष्मा पुसून: "आता प्रदेशाच्या नावाबद्दल म्हणाल, तर मतं अनेक आहेत."

पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी मी हीच अनेक मतं ऐकली. रुक्मिणीपासून सुरुवात झाली. तिचं माहेर कौंडिण्यपूर इथून फार लांब नाही, वर्धेच्याच काठी. कृष्णाकडचं वऱ्हाड इथं आलं म्हणून हा वऱ्हाड, असं आजीच्या गोष्टीत असायचं. कृष्णानं रुक्मिणीला पळवून नेलं, मग वऱ्हाड कुठून आलं, असं मी विचारलं. काकाजी म्हणाले, "गोष्टीले हे विचारत नसतात." मग वैराटाचं मत. चिखलदऱ्याजवळ वैराट नावाची जागा आहे, कीचकाचा दरा म्हणून चिखलदरा, तेव्हा विराटाचा देश तो वऱ्हाड. माझ्या मते हे लोकांनी मागाहून जोडलेलं आहे, पण चिखलदऱ्याच्या गाइडसमोर हे बोलू नये. काहींना बेरार (वऱ्हाडचंच दुसरं नाव) हा 'विदर्भ' शब्दाचाच घासून घासून झालेला अवतार वाटतो. आणि विदर्भ म्हणजे काय, तर जिथं दर्भ नाही तो. एका भटजींनी मला हे सांगितलं आणि लगेच दर्भाची जुडी कुठं मिळते तेही सांगितलं.

मग अबुल फजल. अकबराच्या दरबारातला हा माणूस 'ऐन-ए-अकबरी'त बेरार सुभ्याची माहिती देताना सांगतो की याचं मूळ नाव वरदातट. वरदा ही नदी आणि तट म्हणजे काठ. 1596 मध्ये चांदबिबीनं बेरार मोगलांना सोडून दिला होता. त्याआधी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, इमादशाहीची राजधानी होती. म्हणजे नवाच हाती आलेला मुलूख, आणि त्याच्या नावाची चौकशी करणारा कारभारी. जमीन तारण घेताना आम्हीही आधी सात-बारावरचं नाव वाचतो. मला अबुल फजल एकदम ओळखीचा वाटला.

वरदा म्हणजे आपली वर्धा. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, खाली येते आणि मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अडवली जाते. अप्पर वर्धा धरण. जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर, कारण दमयंती इथली, विदर्भाची. श्रावणात दरवाजे उघडले तेव्हा काकाजींना मोटारसायकलवर घेऊन मी गेलो. दरवाजे तेरा. आवाजामुळं काकाजींना ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडताना ते पाठ्यपुस्तकी मराठी विसरले.

"ह्या अंगाले वऱ्हाड! थ्या अंगाले नागपूर! मंधात हे!"

'हे' म्हणजे नदी. इंग्रजांच्या काळी सीपी अँड बेरार हा प्रांत होता, 1903 पासून. त्यातलं बेरार नदीच्या अलीकडे, मध्य प्रांत पलीकडे. पण ही सीमा इंग्रजांनी काढलेली नाही. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अग्निमित्र विदर्भाचं राज्य यज्ञसेन आणि माधवसेन या दोघा चुलतभावांत वाटून देतो, आणि मधली हद्द म्हणून वरदा नदी नेमतो. मी जिथं उभा राहून शेंगदाणे खात होतो ती भाऊबंदकीची हद्द दीड हजार वर्षं तरी जुनी होती. माझ्या टेबलावर बांधाच्या भांडणामुळं अडलेली सात कर्जप्रकरणं होती. मला त्यांच्याबद्दल जरा आदर वाटला.

नदीवरून माणसांचं नाव, आणि मग त्या नावावरून राजकारण. हे फक्त आपल्याकडचं असेल असं वाटलं होतं. माझा एक वर्गमित्र मिलानला आहे, त्याच्याशी बोलताना कळलं की तिथंही तेच. तिथली मोठी नदी पो, तिचं जुनं लॅटिन नाव पादुस, त्यावरून पादानिया. 1996 मध्ये उंबेर्तो बोस्सी नावाच्या पुढाऱ्यानं व्हेनिसमध्ये या पादानियाचं स्वातंत्र्यच जाहीर करून टाकलं. ते झालं नाही, पण शब्द राहिला. दक्षिणेकडच्यांना तिथले लोक हिणवून 'तेर्रोने' म्हणतात. तेर्रा म्हणजे माती, भुई. दक्षिणेकडचे उत्तरवाल्यांना 'पोलेंतोने' म्हणतात, म्हणजे मक्याची पिठी ढोसणारे. मित्र म्हणाला, इथं मला दोन्ही म्हणत नाहीत, कारण मी कुणीच नाही. मला एकदम 'तिकळचे' आठवलं.

विदर्भ आणि वऱ्हाड एकच नव्हेत, हेही मला उशिरा उमगलं. विदर्भात अकरा जिल्हे. वऱ्हाडात अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि 1998 मध्ये अकोल्यातून निघालेला वाशिम. काकाजी अजून चारच मोजतात. नागपूरवाल्याला वऱ्हाडी म्हटलं तर तो दुरुस्ती करतो, आणि मोर्शीवाल्याला नागपुरी म्हटलं तर तो दुरुस्ती न करता नुसता बघतो. ते जास्त वाईट. वेगळ्या विदर्भाची गोष्ट निघाली की मात्र दोघं एका बाजूला येतात. कधी येतात, कधी येत नाहीत. 1955 मध्ये फाजल अली आयोगानं स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, तरी पुढच्याच वर्षी हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. चहाच्या टपरीवर यावर कुणाचं एकमत नाही. माझं मत मी देत नाही. मी वऱ्हाडी आहे, जेवायला बसलेला.

इतिहासात मला, बँकेच्या माणसाला, खरा रस आला तो गहाणाच्या भागात. निजामावर इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाचं देणं चढलं होतं. 1853 मध्ये त्यानं त्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. 1902 मध्ये लॉर्ड कर्झननं तो कायमच्या भाडेपट्ट्यानं लिहून घेतला, वर्षाला 25 लाख रुपये. म्हणजे मालकी कागदावर निजामाची, ताबा इंग्रजांचा आणि 1903 पासून कचेरी नागपूरला. निजामाच्या वारसाला पुढं 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. ज्या मुलखावर ताबा नाही, त्याचा युवराज! 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' अशी म्हण आहे. तारण भक्कम होतं, यात शंका नाही. त्या काळ्या जमिनीतला कापूस कुणाला नको होता? पण वऱ्हाडातल्या माणसाला विचारून हे कुणी केलं नाही. आम्ही निदान जामीनदाराची सही घेतो.

नकलेचा हिशेब मात्र बाकी होता. तो रिद्धपूरला चुकता झाला. रिद्धपूर मोर्शी तालुक्यातच आहे, महानुभावांचं मोठं स्थान, गोविंदप्रभूंचं गाव. एका वसुलीसाठी गेलो होतो, काकाजी बरोबर होते. त्यांनी देवळाच्या सावलीत बसून सांगितलं की तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं ते या परिसरात. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. आता मराठी भाषा विद्यापीठही इथंच झालंय. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहा असं सांगितलं होतं. तेव्हा महाराष्ट्र म्हणजे कुठून कुठपर्यंत, याचा खुलासा करताना पंथाच्या जुन्या भाष्यात एकेक मंडळ मोजलंय. त्यात 'वराड' हे एक मंडळ आहे, आणि सगळी मिळून महाराष्ट्र.

'वराड'. 'ह' नाही, लग्नाचा संबंध नाही. मी काकाजींना म्हटलं, "मग वरदातटच. वरदा, वराड. लग्नाचं वऱ्हाड नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून आपण जोडलं."

"असंन," ते म्हणाले. त्यांना रुक्मिणी सोडवत नव्हती.

आणि मान नुसता मराठीतला नाही. संस्कृतच्या काव्यशास्त्रात सगळ्यात गोड, सोप्या, ओघवत्या लिहिण्याला वैदर्भी रीती म्हणतात. दंडीनं वैदर्भ आणि गौड असे दोन मार्ग सांगितले आणि त्यात वैदर्भाला मान दिला. देशाचं नाव शैलीला लागलं. ज्या तालुक्यात मराठीचा गद्यग्रंथ झाला आणि ज्या देशाच्या नावानं गोड भाषेची व्याख्या झाली, तिथल्या बोलण्याची नक्कल करून मी पुण्यात हशे मिळवत होतो. त्या संध्याकाळी मी मोबाईलमधल्या दोन्ही नकला पुसल्या. घरमालकीणबाईंना ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाला मात्र आपणहून खाली गेलो. त्यांनी विचारलं, "काऊन जी, वर पाठवला असता न?" मी म्हटलं, "इथंच पिऊन राहिलो ना." माझा 'राहिलो' अजून साताऱ्याचाच आहे. त्यांना त्याचं हसू येतं, आणि ते बरोबर आहे.

मागच्या महिन्यात आई आली होती. धरण दाखवलं, कौंडिण्यपूरला नेलं. परत जाताना बसस्टँडवर तिनं कुणाशी तरी गप्पा मारल्या. त्या बाईंनी विचारलं, कुठून आल्या? आई म्हणाली, "वाईहून. मुलाकडं, वऱ्हाडात." बाईंनी विचारलं, "लग्न कोनाचं व्हतं?"

नावाच्या मुळाबद्दल माझं मत वरदातटाला आहे, काकाजींचं रुक्मिणीला, आणि हे भांडण मिटायची गरज आम्हा दोघांनाही वाटत नाही. तुम्ही इकडे आलात तर श्रावण-भाद्रपदात सिंभोऱ्याला दरवाजे उघडलेत का ते आधी विचारून या. आणि मोर्शीच्या बाजारात संत्री घेताना 'नागपुरी द्या' असं म्हणू नका. भाव वाढवून सांगतात.